मोठ्या कलमामागे धावताना हातातली कलमं सोडू नका

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. तुमची भाची नाशिकच्या सिडकोत राहायची, वय १५, दहावीत होती. तीन आठवड्यांपूर्वी तिने आयुष्य संपवलं. त्याआधी दीड-दोन महिने इन्स्टाग्रामवर तिच्या नावाचं खोटं खातं चालू होतं. त्यावर दुसऱ्याच कुणाच्या शरीराला तिचा चेहरा चिकटवलेले फोटो टाकले जात होते आणि वर्गातल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरत होते. खातं काढणारा २० वर्षांचा, त्याच शाळेचा माजी विद्यार्थी, असं तिच्या मैत्रिणी सांगतात. फोटो पुढे पाठवणारी मुलं तिच्याच वयाची. तुमच्या ताईंनी, म्हणजे तिच्या आईने, वर्गशिक्षिकेच्या कानावर एकदा तोंडी घातलं होतं. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे. आणि शेवटच्या रात्री, अभ्यास होत नाही म्हणून, ताईंनी तिचा मोबाईल काढून घेतला होता. त्यामुळे त्या आता "मीच मारलं तिला" एवढंच बोलतात. तुमचा प्रश्न असा की जबाबदार कोण, आणि त्याला शिक्षा होईल का.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर न्यायालय देतं. पहिल्याचं उत्तर न्यायालय फार थोडं देतं, आणि तेवढ्यावर विसंबून राहिलेली घरं मी खचताना पाहिली आहेत.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात २३ वर्षं फौजदारी वकिली करते. अशा प्रकरणांत मी मुलीच्या आईवडिलांसाठी उभी राहिले आहे, आरोपीसाठीही, आणि उंटवाडीला बाल न्याय मंडळासमोर सोळा वर्षांच्या मुलासाठीही. त्यामुळे उद्या समोरचा वकील काय म्हणेल ते मला आज सांगता येतं. कागद न बघता निकाल मात्र सांगता येत नाही. तिने काही लिहून ठेवलंय का, शेवटच्या दोन-तीन दिवसांत मोबाईलवर काय आलं, ते खातं खरंच त्याच मुलाचं आहे हे सिद्ध होतं का, फोटो नेमके कसे आहेत, यावर बरंच काही अवलंबून आहे.

कायद्याच्या आधी ताईंबद्दल. मुलीचा मोबाईल काढून घेणं ही कायद्याच्या नजरेत चिथावणी नाही, आणि कुठलाही न्यायाधीश ती तशी धरणार नाही. पण ताईंना न्यायाधीशाची भीती नाहीये, त्यांचं दुःख वेगळं आहे. सगळ्यात शेवटी जे घडलं तेच कारण, असं मन धरून बसतं, कारण तेवढंच आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं असतं. आधीच्या दोन महिन्यांतलं बहुतेक ताईंना दिसलंच नव्हतं. ते सगळं तिच्या हातातल्या पडद्यावर चाललं होतं. मानसोपचार करणारे डॉक्टर साक्षीला येतात तेव्हा हेच सांगतात की अशा मृत्यूमागे एकच एक कारण क्वचित असतं, बऱ्याच गोष्टी एकावर एक साठत गेलेल्या असतात. हे ताईंना एकदा सांगून पटणार नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. टेली-मानस या सरकारी मानसिक आधार सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. फोन तुम्ही लावून द्या, त्या आपणहून लावणार नाहीत. रात्री त्यांच्याजवळ कोण झोपतं ते आजच ठरवा. तीन आठवड्यांनी नातेवाईक आपापल्या घरी जातात आणि घर रिकामं होतं, तेव्हा त्यांना एकटं राहू देऊ नका.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. आत्महत्येस प्रवृत्त करण्याचं कलम पूर्वी ३०६ होतं, आता १०८ आहे आणि त्यात १० वर्षांपर्यंत कैद आहे. मयत व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर कलम १०७ लागतं. त्यात १० वर्षांपर्यंत कैद, जन्मठेप, इतकंच काय फाशीपर्यंतची शिक्षा लिहिली आहे. तुम्हाला कुणीतरी हेच कलम सांगितलं असणार, कारण तुम्ही "जन्मठेप होईल ना" असं विचारलंय.

शिक्षा जड आहे म्हणून पुरावा हलका चालत नाही, आणि अडचण इथेच आहे. प्रवृत्त करणं म्हणजे कायद्याच्या भाषेत चिथावणी देणं, कट करणं किंवा जाणूनबुजून मदत करणं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली रमेश कुमार विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात सांगितलं की रागाच्या भरात, परिणाम मनात न धरता तोंडून गेलेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. २०१० च्या एस. एस. छीना प्रकरणात आरोपीचा तसा हेतू आणि तशी प्रत्यक्ष कृती दिसली पाहिजे असं म्हटलं. २०२१ मध्ये राजस्थानातल्या नववीतल्या मुलाच्या प्रकरणात तर चिठ्ठीत शिक्षकाचं नाव असूनही न्यायालयाने गुन्हाच रद्द केला. आणि जानेवारी २०२५ मध्ये महेंद्र अवासे प्रकरणात पोलिसांना बजावलं की केवळ कुटुंबाच्या दुःखाला उतारा म्हणून हे कलम लावत जाऊ नका. वाचायला हे कठोर वाटेल, पण आरोपीच्या बाजूने उभी राहताना मी याच निकालांचा आधार घेतलेला आहे आणि ते योग्य होतं असं मला आजही वाटतं. तुमच्या भाचीच्या बाबतीत बचावाचा वकील हेच निकाल पुढे ठेवेल. सोबत तिचे सहामाहीचे गुण काढेल, आणि ताईंनी मोबाईल घेतल्याची गोष्ट तर सगळ्यात आधी काढेल.

तुमच्या बाजूनेही काही आहे. २००९ च्या चित्रेश कुमार चोप्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की एखाद्याच्या सततच्या वागण्याने समोरच्यापुढे दुसरा मार्गच उरत नाही अशी परिस्थिती तयार झाली, तर तीही चिथावणी ठरू शकते. म्हणून एका फोटोपेक्षा दीड-दोन महिन्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. कोणत्या तारखेला काय टाकलं, तिने बंद कर म्हणून विनवलं का, त्यावर उत्तर काय आलं, ती खचली आहे हे त्याला माहीत होतं का, हे बघायला हवं. विशेषतः शेवटचं. ती मोडते आहे हे कळूनही जो थांबला नाही, त्याच्याबद्दल न्यायालय वेगळा विचार करतं. आणखी एक फरक लक्षात ठेवा. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सासरी छळ झालेल्या स्त्रीचा असा मृत्यू झाला तर नवऱ्याने वा सासरच्यांनी प्रवृत्त केलं असं गृहीत धरण्याची सोय कायद्यात आहे. लहान मुलांसाठी तशी सोय नाही. प्रत्येक दुवा आपल्यालाच जोडावा लागतो.

म्हणून १०७ लावायला सांगा, पण त्या एका कलमावर सगळं बेतू नका. मी पाहिलंय ते असं : घरच्यांचा सगळा जोर "आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल करा" यावर असतो, पोलीसही तेवढंच एक कलम लावतात, आणि दोन-तीन वर्षांनी ते उच्च न्यायालयात पडतं तेव्हा हातात काहीच उरत नाही. खोटं खातं काढलं, फोटोत बदल केला, पाठलाग केला, हे स्वतंत्र गुन्हे होते. मुलगी आज जिवंत असती तरी ते गुन्हेच असते. पण त्यांचं नाव फिर्यादीत कुणी घेतलेलंच नसतं.

अमेरिकेत मिझुरी राज्यात २००६ साली असंच घडलं होतं. १३ वर्षांच्या मुलीला मायस्पेसवर एका मुलाच्या नावाने आधी लळा लावला गेला, मग तिचा अपमान केला गेला. तिच्या मृत्यूनंतर कळलं की त्या खोट्या खात्यामागे शेजारची, तिच्या जुन्या मैत्रिणीची आई होती. तिथल्या राज्यात लावायला कलमच सापडेना. शेवटी केंद्र सरकारच्या वकिलांनी त्या बाईवर संगणक गैरवापराच्या कायद्याखाली, वेबसाइटच्या अटी मोडल्या म्हणून, दूर लॉस एंजेलिसला खटला भरला. ज्यूरीने किरकोळ स्वरूपात दोषी धरलं आणि २००९ मध्ये न्यायाधीशांनी तेही रद्द केलं. त्या आईबापांकडे कलम नव्हतं. आपल्याकडे ती आहेत.

कोणती ते सांगते. मुलगी १८ च्या आतली असल्याने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब : अल्पवयीन मुलांचं अश्लील चित्रण बनवणं, टाकणं, पसरवणं. पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. पॉक्सोची, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची, कलमं ११ ते १५. पॉक्सोमध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर संगणकावर बनवलेलं किंवा बदललेलं चित्रही धरलं जातं, त्यामुळे "शरीर तिचं नव्हतंच" हा बचाव टिकत नाही. दुसऱ्याच्या नावाने वावरून फसवणूक केल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. ऑनलाइन पाठलागासाठी न्याय संहितेचं कलम ७८, शब्द-हावभावांनी विनयभंगासाठी ७९. धमकी असेल तर ३५१, पैसे किंवा आणखी फोटो मागितले असतील तर खंडणीचं ३०८. यातलं काय लागेल ते फोटोंवर आणि मेसेजांवर ठरेल. फोटो अश्लील नसून फक्त टिंगलीचे असतील तर ६७ब आणि पॉक्सो बाजूला पडतील, पाठलाग आणि तोतयेगिरी राहील. आणि कुणी तुम्हाला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ सांगत असेल तर ते कलम २०१५ सालीच, श्रेया सिंघल खटल्यात, घटनाबाह्य ठरलं आहे. तक्रारीत ते घातलंत तर समोरच्याला आयतं निमित्त मिळेल.

इथे थांबून एक विनंती. तुम्ही लिहिलंय की "फोटो हवे असतील तर पाठवतो". पाठवू नका. मला नाही, नातेवाईकांना नाही, ओळखीच्या पत्रकाराला तर मुळीच नाही. १८ खालच्या मुलीचा तसा फोटो पुढे पाठवणं हा पाठवणाऱ्यासाठीही गुन्हा ठरू शकतो, मग हेतू कितीही चांगला असो. आणि तिचं ते चित्र आणखी एका मोबाईलमध्ये जाऊ नये, ही तिच्यासाठी आपण अजूनही करू शकतो अशी एक गोष्ट आहे. ज्या मोबाईलमध्ये तो आहे तो मोबाईलच पोलिसांकडे द्या. तुम्ही कागदावर लिहून काढा : खात्याचं नाव, त्याची पूर्ण लिंक, ग्रुपचं नाव, कुणी कोणत्या तारखेला किती वाजता काय टाकलं.

तिच्या मोबाईलचं आता. एक प्रकरण माझ्या मनातून जात नाही. मुलीचे वडील साधे, कष्टाळू गृहस्थ. दिवसकार्य झाल्यावर त्यांनी तिचा मोबाईल दुकानात नेऊन पुसून घेतला आणि धाकट्याला दिला. घरात तो तसा पडलेला त्यांना बघवत नव्हता. दोन महिन्यांनी ते माझ्याकडे आले तेव्हा आमच्या हातात मैत्रिणींच्या आठवणींशिवाय काही नव्हतं. मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. पण म्हणूनच तुम्हाला पहिल्या दिवशी सांगते : मोबाईलला हात लावू नका. फ्लाइट मोडवर ठेवा, चार्ज राहू द्या, पासवर्डचे अंदाज करत बसू नका. तिचं खातं बंद करायची किंवा स्मृतिखातं करायची विनंती कंपनीला आत्ताच पाठवू नका. मोबाईल जप्त करताना पंचनामा होऊ द्या, त्यात आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या मोबाईलचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्या, आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश म्हणजे त्या फाइलचा डिजिटल ठसा नोंदवावा लागतो. हे प्रमाणपत्र किती आवश्यक आहे हे २०२० साली आपल्या जालन्याच्याच एका निवडणूक खटल्यात, अर्जुन खोतकरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ठासून सांगितलं. नुसत्या स्क्रीनशॉटच्या छापील प्रती फायलीला लावून खटला उभा राहत नाही.

घाई करायला का सांगते, तेही ऐका. खातं डिलीट केलं की साधारण ३० दिवसांत ते कायमचं जातं, आणि तुमचे तीन आठवडे गेलेत. पोलिसांनी कंपनीला माहिती जपून ठेवण्याचं पत्र लगेच पाठवायला हवं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीने काढून टाकलेला मजकूर आणि खातं बंद करणाऱ्याची नोंदणीची माहिती १८० दिवस जपावी लागते. दूरसंचार कंपन्यांना इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. पण मोबाईल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, एकाच वेळी शेकडो लोक वापरत असतात, म्हणून आयपीसोबत सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांक नसेल तर माणूस सापडत नाही. तपासी अंमलदाराला हे लेखी अर्जात सुचवा. कुणाला शिकवल्यासारखं वाटेल म्हणून संकोच करू नका.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही. ती चौकशीची सुरुवात असते, त्यातून गुन्हा दाखल होऊ शकतो. पण तिथे ताईंचा पहिला जबाब काय लिहिला गेलाय, त्याची प्रत आधी मिळवा. त्या रात्री त्या जे बोलत होत्या तेच कुणीतरी लिहून घेतलं असेल : "मोबाईल काढून घेतल्याच्या रागातून". २०२२ च्या राष्ट्रीय अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवल्याची नोंद आहे, त्यात १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. त्या अहवालाच्या कारणांच्या यादीत परीक्षेतलं अपयश आहे, प्रेमप्रकरण आहे, ऑनलाइन छळाचा रकाना नाही. ठाण्यातल्या कागदावरही ओळखीचं, सोपं कारण लिहिलं जातं ते असंच. खोट्या खात्याची सगळी हकिगत सांगणारा पुरवणी जबाब ताईंनी द्यावा, त्यांची तब्येत साथ देईल तेव्हा, तुम्ही शेजारी बसून.

तक्रार लेखी द्या, प्रतीवर पोहोच घ्या. सिडको शहर आयुक्तालयात येतं, तेव्हा ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस उपायुक्तांकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, त्याच्या कलम १७३(४) ची ती पायरी आहे. त्यानेही हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, कलम १७५(३) खाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, हे अर्जात लिहा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात ताईंच्या नावाने अर्ज करा. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन केलात तरी ते वाट दाखवतात.

तिने मैत्रिणीला पाठवलेले मेसेज जपा. "मला आता शाळेत यावंसं वाटत नाही, सगळे बघतात" असं एखादं वाक्य असेल तर ते पुरावा ठरू शकतं. पुण्याच्या शरद सारडा खटल्यात १९८४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलंय की मृत्यूला कारण ठरलेल्या परिस्थितीबद्दल मयताने आधी लिहिलेलं-बोललेलं ग्राह्य धरता येतं, आणि हे आत्महत्येलाही लागू आहे.

आता ती शाळेतली मुलं. तुमचा सगळ्यात जास्त संताप त्यांच्यावर आहे, आणि तुम्ही विचारलंय की त्यांना मोठ्यांसारखा खटला का नको. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवण्याचा विचार फक्त घृणास्पद गुन्ह्यात होतो, म्हणजे ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे अशा. कलम १०७ मध्ये कमाल शिक्षा मोठी असली तरी सात वर्षांची किमान शिक्षा नाही, आणि शिल्पा मित्तल प्रकरणातल्या २०२० च्या निकालानंतर अशा गुन्ह्यांत मुलाला प्रौढ न्यायालयात पाठवता येत नाही असं माझं वाचन आहे. पंधरा वर्षांच्यांचा तर प्रश्नच नाही. त्यांची चौकशी बाल न्याय मंडळासमोर होईल. मंडळ समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, देखरेख, आणि फार तर तीन वर्षं विशेष गृह असे आदेश देऊ शकतं. त्या २० वर्षांच्या मुलाचं प्रकरण वेगळं चालेल.

तुम्हाला हे तोकडं वाटेल. मी ज्या सोळा वर्षांच्या मुलासाठी उभी होते त्याचं सांगते. त्यानेही फोटो पुढे पाठवला होता, खाली हसण्याचं चिन्ह टाकून. ती मुलगी वाचली होती, दवाखान्यातून घरी आली होती. पहिल्या भेटीत तो मला म्हणाला, "मॅडम, मी तर फक्त फॉरवर्ड केला." त्याला खरंच तसं वाटत होतं. ग्रुपवर साठ जण होते आणि प्रत्येकाच्या हिशेबात आपला वाटा साठावा होता. अशा मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याने त्याला एक काम दिलं : त्या आठवड्यातला ग्रुपवरचा प्रत्येक मेसेज वेळेसकट हाताने वहीत उतरवायचा, आणि प्रत्येकासमोर ती मुलगी त्या वेळी कुठे असेल ते लिहायचं. शाळेत, जेवताना, क्लासला. वही आणून दिली त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या आईने मला सांगितलं की तो दोन रात्री झोपला नव्हता. म्हणून मला असं वाटतं की नैतिक जबाबदारीची साठ जणांत वाटणी होत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला ती पूर्ण येते, कारण त्या मुलीने प्रत्येक नाव वेगवेगळं वाचलेलं असतं. कायदा तसं मोजू शकत नाही. तो प्रत्येकाची कृती आणि हेतू सुटा करून बघतो, आणि त्याने तसंच बघायला हवं, नाहीतर उद्या कुणालाही कशातही गोवता येईल.

त्या मुलांची नावं आणि फोटो समाजमाध्यमांवर टाकू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली तो गुन्हा आहे, आणि पॉक्सो लागलं तर तुमच्या भाचीची ओळख उघड करणंही गुन्हा आहे, अगदी नातेवाईकाने केलं तरी. शिवाय चार दिवसांत चारशे अनोळखी माणसं एका पंधरा वर्षांच्या मुलाला शिव्या घालायला लागतील. ते काय असतं हे तुमच्या घराइतकं कुणाला माहीत आहे?

शाळेबद्दल. ताई शिक्षिकेशी तोंडी बोलल्या, ही आपली कमकुवत बाजू आहे, पण पुढचा रस्ता बंद झालेला नाही. त्या दिवशीची फोनची नोंद, शाळेच्या गेटवरची अभ्यागत वही, सोबत गेलेली शेजारीण, जे असेल ते शोधा. अल्पवयीन मुलीबद्दल लैंगिक स्वरूपाचा गुन्हा घडतोय हे कळल्यावर पोलिसांना कळवणं पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, शाळेवरही. न कळवल्यास कलम २१ आहे. प्रश्न हा येईल की शिक्षिकेला नेमकं काय सांगितलं होतं. "मुलं चिडवतात" एवढंच सांगितलं असेल तर कलम २१ टिकणार नाही. महाराष्ट्रात २०२२ पासून प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तिच्या बैठका कधी झाल्या, इतिवृत्त काय आहे, हे लेखी मागा. २५ जुलै २०२५ ला सुकदेब साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेला किमान एक प्रशिक्षित समुपदेशक ठेवायला सांगितलंय. तुमच्या शाळेत तो होता का? त्या शिक्षिकेला तुरुंगात पाठवणं हे ध्येय ठेवू नका असं मी तुम्हाला मोकळेपणाने सांगेन. पण शाळेने काय केलं आणि काय केलं नाही हे कागदावर यायलाच हवं, कारण पुढच्या वर्षी दहावीत दुसऱ्या कुणाची तरी भाची असणार आहे.

कंपनीवर गुन्हा लावणं अवघड आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ त्यांना संरक्षण देतं, त्यांनी नियम पाळले असतील तर. पण तोतया खातं किंवा विवस्त्र, बदललेला फोटो याबद्दल स्वतः त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी तक्रार केली तर २०२१ च्या नियमांनी २४ तासांत काढून टाकायला सांगितलेलं होतं, न्यायालयाच्या आदेशाची वाट न बघता. म्हणून तिने किंवा मैत्रिणींनी "रिपोर्ट" केलं होतं का आणि कंपनीचं काय उत्तर आलं, हे तपासा. खातं अजून दिसत असेल तर लिंक आणि तपशील टिपून घ्या, मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर महिला-बालक विभागात तक्रार करा आणि त्याचा क्रमांक शहर सायबर पोलीस ठाण्याच्या अर्जात घाला.

या आठवड्यातला क्रम लावायचा तर : आज टेली-मानसला फोन, उद्या मोबाईल आणि टिपण घेऊन पोलीस ठाणे, त्याच दिवशी कंपनीला माहिती जपण्याचं पत्र पाठवण्यासाठी अर्ज, मग पुरवणी जबाब, मग शाळेला पत्र.

आणि ती मैत्रीण, जिने तुम्हाला खात्याबद्दल पहिल्यांदा सांगितलं. तुमच्या मजकुरात ती एका ओळीत येऊन जाते. तीही पंधराचीच आहे, त्याच वर्गात रोज जाऊन बसते, आणि आता सगळ्या वर्गाला माहीत आहे की नावं तिने सांगितली. तिच्या आईवडिलांना भेटा. त्यांना १०९८ चाइल्डलाइनचा क्रमांक द्या. पोलीस तिचा जबाब घ्यायला बोलावतील तेव्हा तिला ठाण्याची पायरी चढायची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे मुलीला तिच्या राहत्या घराबाहेर जबाबासाठी बोलावता येत नाही. तपासी अंमलदाराला हे तुम्ही स्वतः, तिच्या वडिलांच्या आधी, सांगून ठेवा. आणि तो जबाब चालू असताना तिची आई शेजारी असेल एवढं बघा.